पद्मिनीचा आरसा

चितोडच्या राणी पद्मिनीचं रूप अल्लाउद्दीन खिलजीला म्हणे आरशातूनच दिसलं. आमच्या पद्मिनीचं उलटं होतं. तिच्या आरशात खिलजी सोडाच, मागून येणारा दहाचाकी ट्रकसुद्धा दिसत नसे. गाडी ताशी चाळीसला आली की आरसा थरथरायला लागे, पन्नासला मान टाके आणि साठला पोचेपर्यंत त्यात फक्त दाराचं हँडल दिसे. म्हणून मी साठच्या वर कधी गेलो नाही. तशी गाडीही जात नव्हती, पण तो विषय वेगळा.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८७ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून लग्नाळू मुलासारखं ताटकळत बसावं लागे. वडिलांचं जळगावात कापसाचं अडत दुकान होतं, पण अडत्यालाही रांग चुकली नाही. उजवीकडचा आरसा त्यांनी वेगळा विकत आणला आणि हौसेनं दाराला बसवून घेतला. नव्याकोऱ्या दाराला ड्रिल लागलं तेव्हा आईनं आत जाऊन देवापुढे दिवा लावला होता.

पुढची पस्तीस वर्षं जो कुणी गाडीजवळ आला त्यानं तो आरसा हलवून पाहिला, “अरे, हा ढिला आहे,” असं मला सांगितलं आणि कसून दिला. मेहुण्यानं कसला. समोरच्या डाळमिलवाल्यानं कसला. सराफ बाजारातल्या मित्रानं डोळ्याला भिंग लावून पाहिला, “सोन्याचा असता तर टाका मारून दिला असता,” म्हणाला आणि जाता जाता पेचकस मागितला. रावेरच्या मामांनी त्यांच्या पद्धतीनं केळीच्या सोपटानं बांधून दिला. तो उपाय खरं तर सगळ्यात टिकला, पाऊस लागेपर्यंत. मी स्वतः चिकटपट्टीचे चार वेढे दिले होते. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकला, तेव्हा आरसा जागेवर राहिला आणि पट्टीचा डिंक ओघळून दारावर आला.

हे असंच चाललं असतं, पण २०२२ च्या मे महिन्यात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीला दर ५ वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं. त्याची फी त्याच वर्षी १ एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. सहाशेत नापास झालो असतो तर हसून सांगितलं असतं. पाच हजारांत हसू येईना.

जळगावात मेकॅनिक कमी नाहीत. अजिंठा चौफुलीवर दगड मारला तर मेकॅनिकलाच लागेल. पण पद्मिनी नेली की तिथली पोरं आधी तिच्याबरोबर सेल्फी काढतात, मग मला काका म्हणतात आणि शेवटी विकायची का विचारतात. (ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हापासून तर भाव आधी विचारतात, काका नंतर.) वडिलांच्या वेळचा एक मिस्तरी धुळ्याला पारोळा रोडवर होता. फोन केला. तो म्हणाला, घेऊन या.

निघायच्या दिवशी सकाळी दार लावलं आणि आरसा सरळ हातात आला. म्हणजे आरसा बसवण्यासाठी नव्वदेक किलोमीटर बिनआरशाचं जायचं. बायकोनं तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला, आजारी बाळाला सिव्हिलमध्ये नेतात तसा. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा तिनं टॉवेल बाजूला केला, आरसा खिडकीबाहेर धरला आणि मागचं वाचायला लागली.

“मागे ट्रक आहे. कपाळावर काहीतरी लिहिलंय. उलटं दिसतंय.”

“ते राहू दे. ओव्हरटेक करतोय का?”

“थांब, ‘प्रसन्न’ आहे शेवटी. कोण प्रसन्न ते कळत नाही.”

ट्रक आमच्या उजवीकडून गेला तेव्हा मी स्वतः वाचलं. सप्तशृंगी होती. एरंडोलला तिनं पद्मालयाच्या गणपतीच्या दिशेनं हात जोडले आणि त्यासाठी आरसा पुन्हा मांडीवर ठेवला. तेवढा पट्टा मी केवळ गणपतीच्या भरवशावर चालवला. पारोळ्याला चहा झाला. धुळ्यात शिरलो तोवर ‘मागे कोण’ या विषयावर आमचं बोलणं बंद झालं होतं.

मिस्तरींनी आरसा हातात घेतला, मागेपुढे केला.

“हाऊ आरसा नही भो, हाऊ पंखा शे.”

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. काच वरखाली करायच्या हँडलमागची चिमूटभर पिन काढली, हँडल काढलं आणि दाराचं पॅड अलगद उचकटलं. आत हात घालून एकेक वस्तू काढून बोनेटवर मांडत गेले. चौदा स्क्रू. दोन वायसर. आगपेटीच्या काड्या, कुणीतरी भोक भरायला कोंबलेल्या. आणि सरकारनं २०११ मध्ये बंद केलेला चाराणा. इतकी वर्षं खड्ड्यात जो खुळखुळ आवाज यायचा त्याला मी इंजिनाचं वय समजत होतो.

“जो तो कसत गया,” मिस्तरी म्हणाले, “अनं भोक मोठं व्हत गयं.”

दाराचा पत्रा पातळ. त्यात स्क्रूचे दात धरणार किती? एक-दोन आटे. कसला की तेवढे आटेही झिजतात, मग पुढचा शहाणा जरा जाड स्क्रू आणतो आणि तोही कसतो. म्हणजे आमच्या आरशाला कुणी ढिला केलाच नव्हता. चौदा माणसांनी तो घट्ट करून करून इथवर आणला होता, आणि त्यात वडील होते, मीही होतो.

त्यांनी लोखंडाची बोटभर पट्टी कापली, भोकं पाडली आणि पत्र्याच्या आतल्या बाजूनं लावली. बाहेरून आरशाच्या बुडाखाली ट्यूबचा तुकडा, मधून नटबोल्ट, वर स्प्रिंग वायसर. आरशाची मान ज्या गोळीवर फिरते, तिच्याखालची दबलेली स्प्रिंग काढून ताणून परत घातली. सगळं मिळून चाळीस मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाले, साठ. पेट्रोल १,८०० रुपयांचं झालं होतं. बायकोनं हिशेब मनात केला. मला तो चेहऱ्यावरून वाचता आला, आणि या वेळी सुलट.

तपासणीत साहेबांनी आरसा बोटानं दाबून पाहिला. हलला नाही. त्यात बघून त्यांनी भांग नीट केला आणि सही केली.

आरसा आजही हलत नाही. साठच्या वेगातही मागचं सगळं लख्ख दिसतं. आता दार हलतं. मिस्तरींनी फोनवरच निदान केलं: बिजागरीची पिन झिजली, पूर्वी आरसा हलायचा म्हणून दाराचं कळत नव्हतं. पिन त्यांच्याकडे नाही, जळगावात मिळत नाही. वाचकांपैकी कुणाच्या अडगळीत पद्मिनीच्या उजव्या दाराची पिन पडून असेल तर कृपया कळवा. घ्यायला मी स्वतः येईन. साठच्या आतच येईन, तेव्हा थोडा वेळ लागेल.