आम्हीच सरकार, पण बसा थोडं

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर लेखा येतं आणि त्याला खेटून मेंढा. रस्ता तसाच पुढे धानोरा, मुरूमगाव करत छत्तीसगडात घुसतो. मेंढा नावाची गावं या मुलखात आणखीही आहेत, म्हणून सरकारदरबारी हे ‘मेंढा (लेखा)’. शेजाऱ्याला कंसात घेऊन जगणारं गाव. वस्ती शंभरेक घरांची, गोंडांची. जंगल मात्र सुमारे १,८०० हेक्टर.

बरोबर आमचे साडूभाऊ होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सोसायटीचं सेक्रेटरीपद आहे, त्यामुळे जगात कुठेही गेले तरी ते आधी हिशेब तपासतात. या गावाची घोषणा त्यांनी ऐकली होती : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गाडीतून उतरताना त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे ओळखपत्र कुणाला दाखवायचं?”

ओळखपत्र कुणी मागितलं नाही. बांबूच्या कुंपणाआडून एक कोंबडी आली, तिने आमची पाहणी केली आणि गेली. मग एक काका आले. “बसा न जी,” म्हणाले. काळा चहा आला. आम्ही कामाचं बोलायला गेलो, तर पुन्हा “बसा न जी.” या गावात सगळं बसण्यापासून सुरू होतं, आणि बरंचसं बसूनच पार पडतं.

योगायोगाने ग्रामसभा होती. खुर्च्या नव्हत्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये एक पोर आणि एक कुत्रं, दोघंही पूर्णवेळ हजर. विषय जाळरेषेचा. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात पालापाचोळा काढून मोकळा पट्टा ठेवतात. त्या कामावरून एक गडी दुपारीच घरी गेला होता. त्याला पूर्ण मजुरी द्यायची की अर्धी? आमच्या सोसायटीत हा विषय दोन मिनिटांत संपला असता आणि भांडण दोन वर्षं चाललं असतं. इथे उलट. आधी गोंडीत बोलणं झालं, मग आमच्यासाठी मराठीत. पूर्ण, अर्धी, पाऊण असं करत सगळे अर्धीवर आले. एक आजी सोडून. त्या गड्याची बायको तापाने फणफणली होती, हे त्यांनाच माहीत होतं.

साडूभाऊंना राहवलं नाही. “हात वर करायला सांगा. बहुमताने उरका.”

काका शांतपणे म्हणाले, “उरकते जी. पण हरलेला माणूस घरी जाऊन काय करीन?”

साडूभाऊंकडे याचं उत्तर होतं. सोसायटीतले हरलेले लोक काय करतात हे त्यांना तोंडपाठ आहे. पाण्याच्या टाकीपासून सगळं. ते गप्प बसले.

स्वित्झर्लंडमधल्या आपेनझेलची अशीच ख्याती आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे नागरिक चौकात उभे राहून हात वर करतात, आणि जग कौतुकाने फोटो काढतं. पण तिथे शेवटी हात जास्त कुठले हेच पाहतात. मेंढ्यात सर्वसहमती लागते. एकही माणूस अडला तर विषय पुढच्या बैठकीला.

अशा चिवट माणसांशी सरकारची गाठ पडली हे सरकारचं नशीब. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध बाबा आमटे आणि आदिवासी नेते लाल श्यामशाह उभे राहिले. त्या आंदोलनात इथले देवाजी तोफाही होते. पुढे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यासगट चालवला : कायदा आणायचा, वाचायचा, त्यावर वाद घालायचा. गावाने घोटुल, म्हणजे गोंडांचं तरुणांसाठीचं सामूहिक घर, बांधायला जंगलातलं लाकूड आणलं, वनखात्याने ते उचलून नेलं. त्यावर आजूबाजूच्या गावांनी ठरवलं, आता आम्हीही घोटुल बांधणार. एक घोटुल जप्त करता येतं. गावोगावची कुठे ठेवायची?

सगळ्यात बहारीचं प्रकरण बांबूचं. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात बांबू गवत. १९२७च्या वन कायद्यात २०१७पर्यंत तोच झाड. २००६चा वनहक्क कायदा म्हणतो, हे गौण वनोपज, म्हणजे गावाचं. २००९मध्ये मेंढ्याला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. बांबू आपला झाला, पण तो नाक्याबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना वनखात्याच्या हाती. म्हणजे म्हैस तुमची, फक्त दोरी आमच्याकडे. दोन वर्षं गेली. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. एका पावतीपुस्तकासाठी दिल्ली आणि मुंबई दोघींनी धानोरा तालुका गाठला! आमच्याकडे गॅसचं पुस्तक घ्यायला आपण जातो.

मग बांबूचा पैसा आला, त्याच्या मागोमाग आयकर. ग्रामसभेकडे स्वतःचं पॅन कार्ड आहे हे कळताच साडूभाऊंच्या चेहऱ्यावर प्रवासातलं पहिलं खरं समाधान दिसलं. “ऑडिट कोण करतं?” त्यांनी विचारलं. वह्या पुढ्यात आल्या. अर्धा तास ते वाचत होते आणि एकदाही च्‌च्‌ केलं नाही. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. हा प्रसंग दुर्मीळ आहे.

एवढ्यावरही गाव थांबलं नाही. २०१३मध्ये, विनोबांच्या ग्रामदानाची आठवण फक्त पाठ्यपुस्तकात उरली असताना, १९६४चा राज्याचा ग्रामदान कायदा यांनी बाहेर काढला आणि आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. साडूभाऊंनी ‘स्वतःहून?’ असं तीनदा विचारलं. त्यांच्या मजल्यावर चपलांच्या रॅकच्या चार इंचांवरून दिवाणी दावा चालू आहे.

निघताना मी म्हटलं, तुमच्या गावावर थोडं हसवायचं लिहीन म्हणतो. मिलिंद बोकील यांनी तर अख्खं पुस्तक लिहिलंय. काका म्हणाले, “लिहा न जी. पण आधी ग्रामसभेला अर्ज द्या. अभ्यासाला येणाऱ्या सगळ्याइले तोच नियम हाये.” मी तिथेच अर्ज खरडला. कुणाची हरकत नव्हती, एका आजींची सोडून. त्यांचं म्हणणं, या माणसाने हसवायचं लिहिणार असं सांगितलंय, तर हसायचं कुणाला, ते अर्जात नाही.

साडूभाऊ म्हणाले, “मुद्दा रास्त आहे,” आणि पुन्हा खाली बसले.