नुसत्या हेडास उद्योग मिळवून देण्याची रीत

ज्या इसमाच्या पदरी कर्जाऊ का होईना एक ट्रॅक्टर आहे, परंतु त्यास जोडावयाची ट्रॉली घेण्याइतकी ऐपत हप्ते फेडता फेडता ज्याच्यापाशी उरलेली नाही, अशा शहापूर अथवा मुरबाड तालुक्यातील होतकरूने प्रथम हे ध्यानी घ्यावे की त्याची अवस्था लांछनास्पद नसून सर्वस्वी कायदेशीर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतः भार वाहण्यासाठी घडविलेले वाहनच नव्हे. तेव्हा ‘नुसतं हेड घेऊन काय करणार?’ असे आसनगावच्या नाक्यावर कोणी विचारल्यास या व्याख्येचा दाखला द्यावा, आणि विचारणारा मुरबाडकडचा निघाल्यास, म्हशाच्या जत्रेत बैल घेणाऱ्यास गाडी कोठे आहे असे कोणी पुसत नाही, एवढे त्याच्या नजरेस आणावे.

यानंतर ट्रॉलीवाला शोधावा. ट्रॅक्टर विकला गेला अथवा बँकेने ओढून नेला, परंतु ट्रॉली मात्र अंगणात राहिली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या, अशी घरे गावोगाव आढळतात. तेथे गेल्यावर भाड्याचा विषय एकदम काढू नये. पावसाची, पोरीच्या लग्नाची चौकशी करावी, आणि चहाची बशी खाली ठेवताना, ‘काका, डिझेल कोणाचं?’ असे सहज विचारावे. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाल्यास तो दोष ओढणाऱ्याचा की ओढवून घेणाऱ्याचा, याचाही निवाडा त्याच बैठकीत, घरच्या कारभारणीच्या साक्षीने करून घ्यावा.

हंगामाची चिंता नसावी. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात, आषाढात चिखलणी असते. परंतु खरी पेठ उन्हाळ्याची. तानसाचे धरण 1892 साली पुरे झाल्यापासून येथले पाणी लोखंडी नळांतून मुंबईस जाते व त्याकरिता ट्रॅक्टर लागत नाही. तो लागतो तानसा परिसरातल्याच पाड्यांस, ज्यांच्या विहिरी चैत्र-वैशाखात तळ दाखवितात. मुंबईकरांविषयी मनात किल्मिष न ठेवता हेडवाल्याने टँकर-ट्रॉली बाळगणाऱ्याशी संधान बांधावे. लग्नतिथी आणि टंचाई एकाच महिन्यात याव्यात, ही विधात्याने त्याचीच केलेली तजवीज आहे.

जोडणीपूर्वी हुकची पिन हातात घेऊन पाहावी. पिनेच्या जागी बांधकामावरची सळई वाकवून घातलेली आढळल्यास मालकाच्या कल्पकतेची स्तुती करावी व नवी पिन येईतो जागचे हलू नये. ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. त्यामुळे भरला टँकर मागे असता उतारावर ओढणारा कोण आणि ढकलणारा कोण हा भेद लोप पावून, वेदान्ताच्या अभ्यासाविनाच अद्वैताचा प्रत्यय येतो. ज्यास तो इतक्या लवकर नको असेल त्याने उतारास लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याचा मोह टाळावा.

ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रॉलीच्या पाठीवर दिसला पाहिजे, असाही दंडक आहे. सकाळी एकाची व सायंकाळी दुसऱ्याची ट्रॉली ओढणाऱ्याने दरवेळी रंगाचा डबा कोठवर उघडावा? पत्र्याची सुटी पाटी व हातभर तार सीटखाली असू द्यावी. ट्रॅक्टर शेतीच्या नावे नोंदलेला असल्यास भाड्याचा माल ओढणे नियमबाह्य होय. हा नियम एरवी कोणास आठवत नाही, परंतु अपघातानंतर विमा कंपनी तो मोठ्याने वाचून दाखविते, सबब नोंदणीची रुजुवात आधीच करून घ्यावी.

भाडे तासावर नव्हे, खेपेवर ठरवावे, खेपांची वही स्वतःपाशी ठेवावी आणि तीवर रोजच्या रोज सही घ्यावी. हंगाम संपता संपता भट्टीवाला रोख रकमेऐवजी विटा देऊ करील. त्या पत्करण्यास हरकत नाही. मात्र त्या घरी नेण्यास ट्रॉली लागेल आणि तिचे भाडे काका आगाऊ मागतील.