श्री. टायगर यांस अनावृत पत्र

श्री. टायगर,
तिसरा मजला, म्हणजे आमच्या डोक्यावर.

स. न. वि. वि.

परवाच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी, पार्किंग आणि आपलं भुंकणं असे तीन विषय होते. पहिले दोन चहा येण्याआधीच उरकले. तिसऱ्यावर मात्र अध्यक्षांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनाच बोलायचं होतं. आपल्याला घालवून द्यावं, अशीही सूचना आली. पण सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे सेक्रेटरींनी सांगितल्यावर ती बारगळली. शेवटी समजपत्र लिहायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. आपल्याला वाचता येत नाही, याची कल्पना आहे. आपल्या मातोश्री स्वतःला आपली ‘मम्मी’ म्हणवतातच, तर त्यांनीच ते मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखवावं.

लिफ्टचं दार वाजलं, कुरिअरवाला आला, समोरच्यांच्या कुकरची शिट्टी झाली, की आपण सुरू होता. पण खानदान पाहता आपला तरी काय इलाज? आपण पॉमेरियन, मूळचे बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनियाचे, जो आज जर्मनी आणि पोलंडमध्ये वाटला गेला आहे. उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट, थंड मुलखातलं स्पिट्झ कुळ. आपले पूर्वज अंगाने चांगले दणकट होते. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा आपला एक आप्त इंग्लंडला आणला, तोही आपल्याहून बराच मोठा होता. पण राणीची आवड लहान चणीची, म्हणून सगळ्या बड्या घरांची तीच झाली. पैदास करणाऱ्यांनी निवडून निवडून आपल्याला दीड ते तीन किलोंवर आणून ठेवलं. शरीर घटवलं, आवाज घटवायचा राहिला. वशिल्यात मात्र काही कमी पडलं नाही: १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, दीड हजार माणसं गेली, आणि वाचलेल्या तीन कुत्र्यांपैकी दोन आपले भाऊबंद होते.

(ए विंगमधला टफी स्वतःला पॉमेरियन म्हणवतो, तिकडे लक्ष देऊ नये. तो इंडियन स्पिट्झ आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ सिनेमातल्या कुत्र्यानंतर पांढरा, केसाळ तो पॉमेरियन, असं आपल्याकडे ठरूनच गेलं.)

आता मे महिन्यातल्या आपल्या मुंडणाविषयी. बाळाला उकडतंय म्हणून मातोश्रींनी आपल्याला पार्लरमध्ये नेऊन कातडीपर्यंत भादरून आणलं. हे वात्सल्य पाहून सभेतल्या ज्येष्ठ भगिनींचे डोळे पाणावले. फक्त एवढंच, की आपल्या अंगावर दोन थर असतात, आत मऊ लोकर आणि वर राठ केस. हे दोन्ही मिळून थंडीही अडवतात आणि ऊनही. ते काढले की त्वचा उघडी पडते, आणि आपल्या जातीत एकदा भादरलेले केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आपले दिवाळीपर्यंत आले नाहीत, आले तेही कुठे आहेत, कुठे नाहीत. मातोश्रींनी याचा दोष बोअरच्या पाण्याला दिला आणि टाकीचा विषय त्यामुळेच कार्यक्रमपत्रिकेवर आला. आठवड्यातून दोन-तीनदा कानामागून आणि मांड्यांमागून मुळापर्यंत कंगवा फिरवला असता, दुपारी पंखा लावून फरशीवर लोळू दिलं असतं, तर सभाच अर्ध्या वेळात संपली असती.

आपलं नृत्यकौशल्यही वाखाणण्याजोगं आहे. धावता धावता आपण मागचा एक पाय उचलता, तीन पायांवर चार पावलं टाकता, मग पाय झटकून पुन्हा चारांवर येता. मातोश्रींनी त्याची रील केली, गाणं लावलं, भरपूर लाइक मिळाले. गुडघ्याची वाटी जागची सरकली की लहान चणीची कुत्री असंच चालतात, हे प्रेक्षकांपैकी कुणी सांगितलं नाही. दिवसभर सोफ्यावरून गुळगुळीत फरशीवर उड्या, त्यात ग्लुकोज बिस्किटांनी वाढलेलं वजन. गुडघ्यांनी तरी किती सोसावं? सोफ्याला लागून एक पायरी, खाली सतरंजी आणि एकदा डॉक्टरांचा हात गुडघ्यावरून, एवढं झालं तर रील थोड्या कमी होतील, त्याला आमची हरकत नाही.

गळ्यातला घुंगरांचा पट्टा देखणा आहे. वडील एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने तो खेचतात तेव्हा आपल्या घशातून हंसाच्या क्रेंकारासारखा खोकला निघतो आणि ‘थंडी बाधली’ म्हणून आपल्याला मध चाटवला जातो. आपल्या जातीची श्वासनलिका नाजूक, ती दबून चपटी होऊ शकते. गळ्याऐवजी छातीला बसणारा पट्टा घ्यावा, अशी सूचना वॉचमनने मांडली. त्याच्या गावी तीन कुत्री आहेत आणि एकालाही पट्टा नाही, तरी हे त्याला कळलं.

खाण्याबद्दल संकोचाने लिहितो. आमच्याकडच्या सत्यनारायणाला आपण आला होता, प्रसाद आपल्यालाही मिळाला, शिऱ्यात बेदाणे होते. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पोह्यांतला कांदा रक्ताला वाईट, चॉकलेट हृदयाला. ‘कुणाचं मन मोडवत नाही हो त्याला’ असं मातोश्री म्हणतात. आपलं मन मोठं आहेच. पोट लहान आहे आणि ताट आपण स्वतः वाढून घेत नाही.

तरी वरील सर्व आरोप आपल्यावर शाबीत धरून समज देण्यात येत आहे. खुलासा मातोश्रींनी लेखी द्यावा.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा.

ता. क. : आपल्या तोंडाच्या वासाची तक्रार लिफ्टमधल्यांनी केली आहे. लहान जबड्यात दात दाटीने येतात, दुधाचे काही पडतच नाहीत, कीटण लवकर चढतं. रोज ब्रश करावा, पण कुत्र्यांच्या पेस्टने. घरातली पुदिन्याची आपल्याला चालणार नाही. हा मुद्दा सभेच्या इतिवृत्तात घेतलेला नाही.