मुक्काम पोस्ट पोर्तोफिनो, तालुका मुळशी

चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत डावीकडे वळायचं, मुठा आणि टेमघर मागे टाकायचं आणि घाट चढायचा. उतारावर पहिलं वळण घेतलं की खाली इटली दिसते. पिवळ्या, केशरी, विटकरी रंगाची घरं, कमानीच्या खिडक्या, समोर पाणी. हे लवासा. इटलीतल्या पोर्तोफिनो या चिमुकल्या बंदराकडे बघून हे बांधलंय. फरक इतकाच की तिथे समुद्र आहे आणि इथे वरसगाव धरणात अडवलेली मोसे नदी. त्या जलाशयाला नाव आहे वीर बाजी पासलकरांचं. खुद्द 'लवासा' हा शब्द मात्र ना मराठी ना इटालियन. तो कुठल्याच भाषेत नाही, मुद्दाम बनवून घेतलेला आहे. पुढे २०१० साली पर्यावरण खात्याची नोटीस आली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलं. रंगाचे पोपडे निघालेत म्हणून अनेकजण नाकं मुरडतात. माझ्या मते खऱ्या इटलीतही पोपडे असतात. त्यांना तिथे वारसा म्हणतात.

आमच्या साडूभाऊंनी युरोपची टूर बुक केली होती. "तिथे जाऊन तोंड उघडण्यापेक्षा आधी इथे सराव करू," म्हणाले, आणि आम्हा चौघांची वरात लवासाला निघाली. हातात इंग्रजीतून इटालियन शिकवणारं पुस्तक. गाडीत घोकंपट्टी सुरू: "बुऑनजॉर्नो म्हणजे नमस्कार. ग्रॅझी म्हणजे आभारी आहे. स्कूझी म्हणजे माफ करा."

"अहो, ग्रॅझी काय, गुरं चरायला सोडताय का?" ताई मागून म्हणाल्या.

ताईंचं बरोबर होतं. शब्द आहे 'ग्रात्सिये', आणि त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला च. निरोपाच्या 'चाओ'मधला च मात्र चहातला. इंग्रजांना या दोन चांसाठी आरसा घेऊन बसावं लागत असेल; आपण चहात चमचा फिरवताना दोन्ही उच्चारून मोकळे होतो. टचं तर कामच नाही. इटालियन माणूस 'पास्ता' म्हणतो तो आपल्या रस्त्यातल्या त-नेच. हॉटेलांतून ज्याला 'ब्रुशेटा' म्हणतात ते खरं 'ब्रुस्केत्ता'. जोडाक्षर दिसलं की ठासून म्हणायचं, पत्ता सांगतो तसं. थोडक्यात, मधला इंग्रज हाकलला की निम्मं काम होतं.

पण साडूभाऊंचा इंग्रज हटेना. पाण्याकाठी एक मावशी शेगडीवर कणसं भाजत होत्या. पंख्याने वारा घालायचा, दाणे तडतडले की कणीस फिरवायचं, मग अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून वरून खाली रगडायचं. साडूभाऊ छाती काढून पुढे झाले.

"बुऑनजॉर्नो! क्वांटो कोस्टा?" म्हणजे, केवढ्याला?

"कोस्टा नाय वो, मका हाय."

"क्वांटो?"

"एकच घ्या, मंग बघा. अन् जरा बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

'स्कूझी' म्हणायची हीच वेळ होती, पण ते पान पुढे होतं.

जेवायला एका हॉटेलात बसलो. ताईंचा घसा बसला होता. साडूभाऊंनी पुस्तक चाळून मोठ्या तयारीने फर्मावलं, "आक्वा काल्दा." इटालियनमध्ये 'काल्दो', 'काल्दा' म्हणजे गरम. पोऱ्याने त्यातला 'कोल्ड' तेवढा ऐकला आणि फ्रीजमधली बाटली आणून आपटली, बाहेरून घाम फुटलेली. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेला कुठल्याच भाषेचं पुस्तक लागत नाही. शेवटी बिल मागवायचं म्हणून "इल कोंतो, पेर फावोरे," झालं. पोऱ्या लगबगीने गेला आणि चिरलेला कांदा-लिंबू घेऊन आला.

"भावोजी, बास्ता!" आमची ही म्हणाली. गंमत म्हणजे दिवसभरातलं पहिलं अचूक इटालियन तेच होतं. 'बास्ता' म्हणजे पुरे.

परतीला पिरंगुटला एका बेकरीत केक घेतला. वर लाल-हिरवी टूटीफ्रूटी. मूळ शब्द 'तुत्ती फ्रुत्ती', म्हणजे सगळी फळं. आपल्याकडे ती सगळी फळं एकट्या कच्च्या पपईतून काढतात. तेवढ्यात साडूभाऊ आकडे घोकू लागले: सेत्ते, ओत्तो, नोवे. सात, आठ, नऊ. यात पाठ काय करायचं? हे साम्य फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याला चारशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मिऱ्यांच्या व्यापारापायी तो १५८३ साली भारतात आला, कोचीन-गोव्यात राहिला. इथल्या पंडितांच्या भाषेतले आणि आपले आकडे जुळतात, देव तो 'दिओ' आणि सर्प तो 'सेर्पे', असं त्याने १५८५ मध्ये पत्राने मायदेशी कळवलं. १५८८ साली तो गोव्यातच वारला. त्याच्याकडे इंग्रजी पुस्तक नव्हतं, हे त्याचं भाग्य.

तेव्हा इटलीला निघाला असाल तर कामापुरती वाक्यं देवनागरीत लिहून खिशात ठेवा. मुळशीच्या मावशींना नाही कळली तरी रोमच्या वेटरला कळतील. आणि तिकडच्या न्हाणीघरात नळावर 'सी' दिसला, तर थेट डोक्यावर पाणी घेऊ नका. तो कोल्डचा नसतो, काल्दोचा असतो.