पाऊण जीबीचा हिशेब

कॉम्प्युटर रखडायला लागला की सल्ला द्यायला पदवी लागत नाही. ‘रॅम वाढवा,’ हे समोरचा चहावालाही सांगतो. खडवली स्टेशनाबाहेर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या काकांना हा सल्ला सगळ्या गावाने देऊन झाला होता. रविवारी भातसा नदीत डुंबायला आलेली मुंबईची पोरं मोबाइल चार्जिंगला लावायला दुकानात शिरत, तीसुद्धा ओल्या अंगाने पडद्याकडे बघून ‘काका, रॅम कमी आहे’ असं निदान करून जात.

काकांच्या मशिनवर विंडोज एक्सपी होती. २००१च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली आणि ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलेली. काका ती बदलत नाहीत, याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. त्या मशिनवर पेजमेकर ७ आहे, २००१ साली निघालेली त्याची शेवटची आवृत्ती. सोबत मराठी फाँटची श्रीलिपी, आणि पाठीमागे लावलेलं तिचं डोंगल. डोंगल काढलं तर श्रीलिपी ओळख दाखवत नाही. पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका, बारशी, दशक्रिया विधी, पतपेढीचे अहवाल, सगळं त्या फाँटमध्ये साठलेलं. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटवाल्यांनी प्रत्येकाने आपापली सांकेतिक मांडणी केली. त्यामुळे ती फाइल फाँट नसलेल्या मशिनवर उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी डोक्यावर टोप्या, छत्र्या घेतलेली रोमन अक्षरं उभी राहतात. वधूचं नाव असं छापून आलं तर सोयरीक मोडायची. म्हणून विंडोज तीच, रॅम तेवढी वाढवायची, असं ठरलं.

कल्याणहून हार्डवेअरवाला मुलगा आला. त्याने सीपीयूचं झाकण काढलं. आत धुळीची गादी, तिच्यावर पालीची दोन अंडी आणि कधीतरी हरवलेली पत्रिकेची गोंड्याची दोरी.

“काका, खोडरबर आहे का?”

रॅमच्या पट्टीच्या तळाशी सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना असतात. त्यांच्यावर मळ बसला की मशिन सुरूच होत नाही, नुसतं टूं-टूं करत राहतं. तेव्हा पट्टी काढायची, पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, पुन्हा दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची. ‘रॅम गेली’ म्हणून बाद झालेल्या कितीतरी पट्ट्या या दोन रुपयांच्या उपचाराने उठून बसल्या आहेत. अनेकजण पिनांवर तोंडाने फुंकर मारतात. त्याने धूळ जाते आणि ओल बसते. मुलाने फुंकर मारणाऱ्या काकांना बाजूला केलं आणि पट्टी उजेडाला धरली. ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या, जात डीडीआर२.

ही जात महत्त्वाची. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना पिना २४०च, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी. एक १.८ व्होल्टवर चालते, दुसरी १.५वर, आणि चुकूनसुद्धा एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणून ती खाच. तरीही जोर लावून बसवणारे शूर पुरुष आहेत. त्यांचे मदरबोर्ड पुढे भंगारात भेटतात. शिवाय कारखान्यांनी जुन्या जातीचं उत्पादन आखडतं घेतलं की ती नव्यापेक्षा महाग मिळायला लागते, असं या बाजाराचं उफराटं गणित. काका म्हणाले, कल्याणात नको, लॅमिंग्टन रोडलाच जातो. कसारा लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड. येताना नेहमीप्रमाणे टिटवाळा गाडी आधी आली. ती खडवलीच्या एकच स्टेशन अलीकडे संपते, आणि काकांचा तिच्यावर जुना राग आहे.

दोन जीबीच्या दोन पट्ट्या बसल्या. काळ्या पडद्यावर ४०९६चा आकडा आला. काकांनी समाधानाने तंबाखू मळली. मग एक्सपी उघडली, ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक केलं, आणि तिथे लिहिलं होतं : ३.२४ जीबी.

“मापात पाप!” काका ओरडले. “पाऊण जीबी खाल्ला त्याने!”

लॅमिंग्टन रोडचा दुकानदार निर्दोष होता. एक्सपी ३२ बिटांची. बत्तीस बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे बरोबर चार जीबी. आता बारा डब्यांच्या फलाटाला पंधरा डब्यांची गाडी लागली तर मागचे तीन डबे रुळांवर उभे असतात, त्यांत बाकं असतात, पंखे फिरत असतात, फक्त फलाटावरून तिथे चढता येत नाही. त्यातून या बारा डब्यांच्या फलाटावरही थोडी जागा आधीच ग्राफिक्स कार्ड, बायोस आणि पीसीआयवरची इतर मंडळी अडवून बसतात, कारण त्यांनाही पत्ते त्याच चार जीबीतून द्यावे लागतात. उरतं ते रॅमला.

काकांना हे पटलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांचा संशय अगदीच वाया गेलेला नव्हता. इंटेलच्या पेंटियम प्रोने १९९५ सालीच ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबीपर्यंतची सोय केली होती. विंडोजच्या ३२ बिटी सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्या ती वापरतही. घरगुती एक्सपीला मात्र मायक्रोसॉफ्टने मुद्दाम चार जीबीच्या आत ठेवलं, कारण स्वस्तातल्या कार्डांचे ड्रायव्हर त्यापुढचा पत्ता दिसला की कोसळायचे. पुढे विंडोज ७मध्ये तर पाकिटावरच्या नावाप्रमाणे मान ठरला : स्टार्टरला २ जीबी, ६४ बिटांच्या होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला थेट १९२. मशिन तेच, पट्ट्या त्याच, मान मात्र पाकिटाचा.

विंडोज ९८चा किस्सा याहून वरताण आहे. तिच्यात ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम घातली की काही मशिनांवर ती तक्रार करायची : मेमरी अपुरी आहे. झालं होतं असं, की डिस्कवरचा मजकूर तात्पुरता साठवणारी तिची व्हीकॅश नावाची यंत्रणा रॅम बघून आपलं ताट वाढवायची. भरपूर रॅम दिसली की एवढे पत्ते अडवायची की बाकीच्यांना एकही उरायचा नाही. मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे सांगितलेल्या तोडग्यांत एक होता सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये तिच्यावर मर्यादा घालण्याचा, आणि दुसरा रॅम काढून ५१२ किंवा कमी करण्याचा. पैसे देऊन आणलेली वस्तू काढून ठेवल्यावर यंत्र सुधारतं, हे ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी पुन्हा कुणाला रॅमचा सल्ला दिला नसेल.

काकांचं मशिन मात्र खरोखरच सुधारलं. एका जीबीत पेजमेकर, स्कॅनर, फोटोशॉप आणि अँटिव्हायरस एकदम चालले की एक्सपी उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्कला एकेक गोष्ट शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात. रॅमचं काम नॅनोसेकंदांत. फरक लाखाच्या घरातला. तो कर्र-कर्र आवाज बंद झाला, फोटो झटकन फिरायला लागले. सव्वातीन जीबीत डीटीपी मजेत चालतं. इथेच थांबायला हवं होतं.

पण पाऊण जीबी फुकट गेल्याचं शल्य काकांना झोपू देईना. मुलाने मग गॅव्होटचा रॅमडिस्क टाकून दिला. एक्सपीला दिसत नसलेली, चार जीबीच्या पत्त्यांपलीकडे ढकलली गेलेली रॅम हा प्रोग्रॅम पकडतो आणि एक्सपीसमोर डिस्क म्हणून उभी करतो. रॅम म्हणून जिला ओळख नाही, तिला डिस्क म्हटल्यावर एक्सपी बिनतक्रार स्वीकारते. आणि लोक तर याच डिस्कवर तिची पेजफाइल ठेवतात, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून बाहेर काढलेला माल पुन्हा रॅममध्येच, मागच्या दाराने. सरकारी कचेऱ्यांत याला पदनाम बदलणं म्हणतात.

माय कॉम्प्युटरमध्ये ‘आर’ नावाचा नवा ड्राइव्ह आला. फाइल सेव्ह करायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश लागेना. मुलगा जाताना दारातून म्हणाला, “काका, त्यात कामाचं काही ठेवू नका हां, लाइट गेली की ते रिकामं होतं.” तेवढ्यात कसारा गाडीची घोषणा सुरू झाली आणि काकांना ‘त्यात ठेवा’ एवढंच ऐकू आलं.

लग्नसराईच्या ऐन भरात, चार पानी पत्रिका, आतल्या पानावर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून अहेर आणू नयेपर्यंत, दोन्हीकडच्या मामांसकट सगळा मजकूर काकांनी दुपारभर बसवला आणि सर्वांत वेगवान ड्राइव्हवर सेव्ह केला. संध्याकाळी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली होती. लाइट आल्यावर ‘आर’ उघडला तर कोरा करकरीत. वरपिता पैसे घेऊन समोर बाकड्यावर बसले होते.

“झाली का हो?”

“होतेय,” काका म्हणाले आणि नवं पान उघडलं. “मुलीच्या थोरल्या मामांचं नाव पुन्हा एकदा सांगता का?”