रिव्हर्स आहे का?

वाळू ही आमच्या सोलापूर जिल्ह्यात ब्रासने मोजायची वस्तू. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ती भीमेच्या पात्रात असते, तिचे लिलाव होतात, रात्री तिचे ट्रक जातात आणि त्या ट्रकांकडे टक लावून बघायचं नसतं, एवढं ज्ञान आम्हाला बाराखडीच्या आधी मिळालेलं असतं. माझा चुलतभाऊ बापूदादा पंढरपुरात बांधकामाची कंत्राटं घेतो. तो अमेरिकेत आमच्याकडे आला, तेव्हा समुद्र, प्राणिसंग्रहालय वगैरे उरकून मी त्याला ग्लॅमिसला नेलं. सॅन दिएगोहून पूर्वेला गाडीने अडीच-तीन तास. तिथे कॅलिफोर्नियाच्या पार दक्षिण टोकाला सत्तरेक किलोमीटर लांब आणि नऊ-दहा किलोमीटर रुंद असा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा पसरला आहे. काही टेकड्या ३०० फूट उंच. बापूदादा गाडीतून उतरला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मनातल्या मनात ब्रास चालू असावेत.

"हे कुणाचं हाय?" त्याने शेवटी विचारलं.

"सरकारचं."

"आन् सरकार ह्याचं काय करतं?"

"लोकांना गाड्या उडवायला देतं."

"राखायला कोण न्हाई?"

"आहेत की. रेंजर फिरतात."

"ट्रक धरतात?"

"नाही. गाडीला झेंडा नसला तर धरतात."

बापूदादाने खाली बसून मूठभर वाळू उचलली, दोन बोटांत चोळली आणि टाकून दिली. "गोल दाना हाय. ह्याला सिमेंट धरायचं न्हाई."

अमेरिकेतला कुठलाही दुकानदार मला जे सांगत नव्हता, ते या गृहस्थाने चपला न काढता सांगितलं. वाऱ्याने वर्षानुवर्षं लोळवलेल्या वाळूचे कोपरे झिजतात, दाणे गोल होतात आणि एकमेकांवरून घरंगळतात. म्हणून ती बांधकामाला चालत नाही. आणि जी सिमेंटला धरत नाही, ती टायरला तरी कशाला धरेल? क्वाड बाइक घ्यायच्या आधी ही एक गोष्ट समजली की निम्मी जाहिरात आपोआप बाद होते.

क्वाड मला घ्यायची होती. पन्नाशीत माणसाला चार चाकांवर बसून वाळूत उड्या माराव्यात असं का वाटतं, याला उत्तर नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते साखर तपासून घ्या म्हणतात. पूर्वानुभव म्हणाल तर अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर भाड्याची एटीव्ही चालवली होती, तीही तिच्या मालकाचा मुलगा सोबत पळत असताना. पण ती वाळू ओली. ओल्या वाळूचे कण पाण्याने एकमेकांना धरून ठेवतात, तिच्यावर बैलगाडीसुद्धा चालते. ग्लॅमिसच्या कोरड्या वाळूत साधं नक्षीदार टायर घेऊन गेलात आणि जोरात गॅस दिलात, तर ते पुढे जाण्याऐवजी खाली जातं. इमानदारीने खड्डा खणत राहतं.

म्हणून तिथे पॅडल टायर लागतात. मागच्या दोन्ही टायरना उंच आडव्या रबरी पट्ट्या असतात, त्या वाळू उपसून मागे फेकतात. पुढच्या टायरना मधोमध एकच कड असते, बाकी ते गुळगुळीत. पट्ट्या जितक्या जास्त तितकी पकड जास्त, पण इंजिनवरचा भारही तितकाच जास्त. लहान इंजिनाला भरमसाट पट्ट्यांचे टायर लावले तर ते चढावर धापा टाकून बंद पडतं. शिवाय हे टायर डांबरावर चालवायचे नाहीत, झिजतात. म्हणजे साध्या टायरांचा एक जोड वेगळा. म्हणजे चाकांचा एक जोड वेगळा. गाडी वाळूपर्यंत न्यायला ट्रेलर. ट्रेलर ओढायला हुक. हुक लावायला आमची छोटी गाडी लहान पडते, म्हणजे मोठी गाडी. माझी बायको मूळची सांगलीच्या सावकारी पेढीवाल्यांच्या घरातली. तिने वहीत "वाळू" या नावाने एक नवं खातं उघडलं आणि त्यात अजून क्वाडची किंमत लिहिलीच नसताना ते खातं दुसऱ्या पानावर गेलं.

मग सुरू झालं गाड्या बघणं.

सगळ्यात आधी मन गेलं ते यामाहाच्या बॅन्शीवर. ही १९८७ ते २००६ या काळात अमेरिकेत विकली गेलेली टू-स्ट्रोक गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर. हिचं इंजिन यामाहाच्या आरडी ३५० घराण्यातलं, आणि त्याच घराण्यातली एक कन्या ऐंशीच्या दशकात आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून नांदायला आली होती. तिचं इंजिन हवेवर थंड व्हायचं, हिचं पाण्यावर, एवढाच माहेरातला फरक. आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या सरांकडे ती राजदूत होती. पगार पेट्रोलमध्ये जायचा म्हणून त्यांनी लग्न केलं नाही, अशी वदंता होती. सर गेटमधून आत आले की वर्गात धूर आधी यायचा, सर नंतर. त्यामुळे वाळूच्या गावाजवळ एका गॅरेजात म्हाताऱ्या मालकाने बॅन्शीला किक मारली आणि तो निळा धूर नाकात गेला, तेव्हा मी किंमत विचारायच्या ऐवजी "येस सर" म्हणालो.

बायको बाजूला उभी होती. तिने एकच विचारलं, "हिला बटण नाही?"

नाही. बॅन्शीला फक्त किक. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या हाताने मोजून मिसळायचं. खालच्या वेगात ती निवांत असते आणि मग अचानक अशी काही सुटते की आपण अजून खाली आणि गाडी टेकडीच्या वर. बायकोने माझ्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, ज्याच्या फिजिओथेरपीची पावती त्याच वहीत होती, आणि बॅन्शीचा विषय संपला.

तिथेच कोपऱ्यात एक जुनी तीनचाकी उभी होती. होंडाने १९७० मध्ये हे फुगीर टायरांचं तिचाकी वाहन अमेरिकेत आणलं, पुढच्याच वर्षी जेम्स बाँडने ते पडद्यावर चालवलं, आणि नंतर लोक त्यावरून इतके उलटू लागले की १९८८ च्या सुमारास कंपन्यांना सरकारशी समझोता करून त्यांची विक्रीच थांबवावी लागली. पुण्यात रिक्षाने प्रवास केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

उरल्या दोन. या शतकाच्या पहिल्या दशकात होंडा, सुझुकी, कावासाकी, कॅनॅम अशा सगळ्यांनी ४५० सीसीच्या स्पोर्ट क्वाड काढल्या होत्या. आता त्या बहुतेक जुन्या बाजारातच दिसतात. जपान्यांपैकी नवी कोरी मोठी स्पोर्ट क्वाड विकणारी यामाहाच उरली आहे, आणि तिच्याकडे दोन: वायएफझेड ४५० आर आणि रॅप्टर ७०० आर.

दुकानातला मुलगा चोविसेक वर्षांचा असेल. तो मला ४५० विकायला बघत होता. गाडी सुंदर, यात वादच नाही. ४४९ सीसी, मोटोक्रॉसच्या ट्रॅकसाठी घडवलेली, हलकी, चपळ. पण तिची ताकद वरच्या आरपीएममध्ये. तिला सतत ओरडत ठेवावं लागतं, गिअर सतत बदलावे लागतात. वाळूचा चढ असा असतो की गिअर बदलायला क्षणभर क्लच दाबलात तरी वाळू तुमचा वेग खाऊन टाकते. रॅप्टरला एकच भलं मोठं सिलिंडर, ६८६ सीसी. ती खालच्या वेगातही ओढते. एक गिअर चुकला तरी "असू दे" म्हणून पुढे जाते. वजन पेट्रोल धरून १९० किलोच्या आसपास. डकार रॅलीत अर्जेंटिनाच्या पात्रोनेली बंधूंनी रॅप्टरवर बसून पाच वेळा क्वाडचा गट जिंकला. अर्थात त्यांना सोमवारी सकाळी साडेआठला मीटिंग नसायची.

मुलगा अश्वशक्ती सांगत होता, मी अंगठा चोळत होतो. या गाड्यांचा गॅस मुठीने पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, दिवसभर. आमच्या घराण्यात शेवटचे अंगठेबहाद्दर आजोबा. त्यांच्यानंतर मीच. शिवाय मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग आस, डिफरन्शियल नाही, म्हणून दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना नुसतं हँडल फिरवून भागत नाही, अंग आतल्या बाजूला झोकावं लागतं. क्वाड निवडताना इंजिन बघतात ते तरुण लोक. बाकीच्यांनी आधी स्वतःची कंबर, गुडघा आणि अंगठा बघावा, मग कॅटलॉग.

आणि त्यानंतर एकच प्रश्न विचारावा. तो मला ग्लॅमिसलाच मिळाला होता, त्याच बापूदादाच्या दिवशी.

वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ज्या बाजूने वारा येतो तिकडे उतार सौम्य, आणि दुसरीकडे वाळू नुसती ओघळून थांबलेली, साधारण ३४ अंशांचा कडा. खालून वर जाताना हा कडा दिसत नाही. माथ्यापलीकडे काय आहे, हे माथ्यावर गेल्यावरच कळतं. म्हणून तर तो झेंडा: जमिनीपासून किमान आठ फूट उंच, लाल किंवा नारिंगी. तुमचं डोकं दिसायच्या आधी समोरच्याला तुमचा झेंडा दिसावा. डझनभर नारिंगी झेंडे एका ओळीत टेकडी चढताना पाहून बापूदादाचे हात आपोआप जोडले गेले. पंढरपूरच्या माणसाचा नाइलाज असतो.

त्या ओळीतला एक पोरगा पलीकडे उतरला आणि दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी नाक खुपसून थांबला. पुढे वाळूची भिंत, बाजूला वळायला जागा नाही. तो खाली उतरून गाडी मागे ओढू लागला. आम्ही मदतीला गेलो. बापूदादाने हयातभर मजूर हाताळलेले, त्यामुळे त्याने स्वतः हात न लावता देखरेख सुरू केली.

"ए, मागं घे की गाडी!"

मी इंग्रजीत विचारलं आणि मराठीत सांगितलं, "हिला रिव्हर्स नाही म्हणतो."

"म्हंजी?"

"ही गाडी मागे येत नाही. फक्त पुढे जाते."

बापूदादाने पोराकडे, गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "अशी गाडी इकत्यात? आन् लोक घेत्यात?"

ती ४५० होती. ट्रॅकवर रिव्हर्सची गरज नसते आणि वजन वाढतं, म्हणून यामाहाच्या ४५० ला तो दिलेलाच नाही. रॅप्टर ७०० ला आहे. उभ्या चढावर अडकलात तर रिव्हर्सचाही फारसा उपयोग नाही, तिथे गाडी हळूहळू वळवून उतरावंच लागतं. पण अशा खळग्यात, ट्रेलरवर चढवताना, तंबूंच्या गर्दीतून बाहेर पडताना त्याच्याशिवाय दीडशे-दोनशे किलो हाताने ओढायचे, आणि तेही गोल दाण्याच्या वाळूत उभं राहून.

या भागाला मागे न येण्याची जुनी सवय आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा, १९१५ मध्ये, याच वाळूवर लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला होता. वाळूने गाडला की घोडे लावून फळ्या उकरायच्या आणि सरकवायच्या. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा, ठरावीक अंतरावर बाजू द्यायला जागा. दोन गाड्या मध्येच समोरासमोर आल्या की मागे कोणी जायचं, यावरून भांडणं व्हायची. १९२६ पर्यंत लोकांनी हे सोसलं. त्याचे थोडे अवशेष हायवेजवळ अजून जपून ठेवले आहेत. बापूदादाला ते दाखवले, तर त्याने आधी लाकूड कुठलं ते विचारलं.

दुकानात मी मुलाला मध्येच थांबवून विचारलं, "रिव्हर्स आहे का?" त्याचा चेहरा पडला आणि तो मला रॅप्टरकडे घेऊन गेला. बायको मात्र समोरच्या रांगेत गेली होती. तिथे दोन सीटची, पट्ट्याची, छपराची, स्टिअरिंगची साइड-बाय-साइड उभी होती. स्पोर्ट क्वाडवर मागे कुणाला बसवणं कॅलिफोर्नियात कायद्याने मना आहे, हे तिने वाचलं होतं.

"म्हणजे तुम्ही उडणार आणि मी तंबूत बसून भाजी निवडणार?" ती म्हणाली. "अहो, ही बघा. हिला रिव्हर्सपण आहे."

"वाळू" खात्यात सध्या रॅप्टर लिहिली आहे, आणि तिच्याखाली एक ओळ पेन्सिलीने आखून कोरी ठेवली आहे.

तेव्हा वाचकहो, गुडघे शाबूत असतील, वय तिशीच्या आत असेल आणि सोबत ओढायला दोन मित्र असतील, तर ४५० घ्या. नाहीतर रॅप्टर ७००, पॅडल टायरांसकट. हवेच्या फिल्टरवर कापडी आवरण घाला, वाळू इंजिनात गेली तर वहीचं तिसरं पान लागेल. झेंडा आणि हेल्मेट विसरू नका. ऑक्टोबर ते मार्च जा. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांवर जातो, त्या वेळी सोलापूरच बरं. आणि कुणाला बटणाची बॅन्शी कुठे दिसली, तर मला कळवा, पण घरच्या फोनवर नको.