सड्यावर दगड उलथे टाकून गेलेल्यास

महाशय,

सप्रेम नमस्कार लिहवत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही; पण रत्नागिरीच्या आमच्या कातळसड्यावर तुम्ही येऊन गेलात हे लांबूनच कळतं. जांभा दगड उन्हापावसात वरून काळा पडतो, खालून तांबडा राहतो. सड्यावर जिथे तिथे तांबडं तोंड वर करून पडलेले दगड ही तुमचीच करणी. दगड उचलायला दोन हात होते, मग परत ठेवताना त्यांना काय झालं?

एका उलथ्या दगडाशी बसून पाहिलं. खाली वाळवीच्या फुटक्या मातीच्या नळ्या, त्यांत घुसलेल्या मुंग्या आणि रणरणत्या उन्हात पडलेली कोळ्याची पांढरी अंड्यांची पिशवी. विंचवाची मादी पिलांना पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर घेऊन अशाच दगडाखाली बसते. तुम्हाला तिचा फोटो हवा होता. तिला फक्त सावली हवी होती.

वैशाखात या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. जीव जितका लहान, तितकं त्याच्या अंगातलं पाणी लवकर उडतं. म्हणून दिवस दगडाखालच्या गारव्यात आणि ओलीत काढायचा, रात्री बाहेर पडायचं. रातकिडा तर फार सावध प्राणी. कान पुढच्या पायांवर, मागे केसाळ शेपट्या. कुणी झेपावलं तर हवेच्या हलण्यावरून त्याला कळतं. बेडूक, पाल, मुंगूस, सगळ्यांपासून पळून शिरायला त्याला एकच फट असते. ती तुम्ही उघडी केलीत.

इथल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या पालीची शास्त्रीय नोंद १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातूनच झाली. कोकणातल्या थोड्याशा पट्ट्याबाहेर ती कुठे राहत नाही, आणि दिवसा तिचा आसरा हे सुटे दगडच.

‘मी ठेवला होता परत’ असं म्हणाल, तर कसा ठेवलात तेही सांगा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं, की दगड थोडासा जरी सरकला तरी सरपटणारे प्राणी त्याखाली कमी येतात. फट रुंदावते, ऊन आत शिरतं. दगड पूर्वीसारखे नीट बसवल्यावर मात्र ते परत आले.

म्हणजे तुमचं पाप अजून निस्तरता येतं. तेव्हा या, आणि स्वतःच्या हातांनी निस्तरा. प्रत्येक दगडाची जागा कातळावरच्या मातीच्या वळातून दिसते. आधी खाली कुणी नाही ना पाहा. असलाच जीव तर काडीने बाजूला घ्या, तो आपला आपण आत जाईल. मग काळी बाजू वर करून, त्याच वळात, हलकेच दगड टेकवा. पावसाआधी या. कॅमेरा घरी ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतील.

सड्याखालच्या वाडीतला एक रहिवासी